खरखर थांबवायची कुठे?

पुणे–नाशिक रेल्वे नारायणगाव-मंचरवरून जाणार नाही आणि त्याचं कारण खोडदची रेडिओ दुर्बीण आहे, असं रेल्वेमंत्र्यांनी सांगितल्यापासून जुन्नर-आंबेगावात जो तो दुर्बिणीवर तोंडसुख घेतो आहे. रेल्वे हुकली याची हळहळ मलाही आहे. टोमॅटो, कांदा, द्राक्षं पिकवणाऱ्या या दोन तालुक्यांनी त्या गाडीची वाट फार वर्षं पाहिली. पण एवढ्या सभा, एवढी निवेदनं झाली, त्यात दुर्बिणीला नडणाऱ्या मूळ रेडिओ-खरखरीबद्दल चकार शब्द नाही, हे मला जास्त लागतं. ती कुठून निघते आणि कशी थांबवायची, हे एके काळी इथल्या गॅरेजातल्या पोरांनाही ठाऊक होतं, मोटारीतल्या रेडिओमुळे.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. त्यानंतरची तीसेक वर्षं आमच्या रस्त्यांवर मोटारीच मोजक्या, आणि मोटारीत रेडिओ म्हणजे एखाद्या डॉक्टरांची किंवा बड्या बागाईतदाराची चैन. रेडिओ बाळगायचा तर पोस्टातून लायसन्स काढावं लागे. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते नव्वदचं दशक. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून निघालेली ही दुर्बीण, जीएमआरटी, तेव्हा खोडदच्या माळावर उभी राहत होती. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. त्यांतल्या १४ एका किलोमीटरच्या चौकात आणि उरलेल्या १६ तीन बाजूंना गावोगावच्या शिवारात पांगलेल्या. पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी दोरखंडांवर ताणून थाळ्या हलक्या आणि स्वस्त करण्याची युक्ती इथलीच. जागा निवडली ती शहरी गोंगाटापासून लांब आणि डोंगरांच्या आडोशाला म्हणून. याच वर्षांत मी एका जुन्या फियाटमधून मंचर, नारायणगाव, जुन्नर असा फिरत असे. सकाळी सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या गाडीत ऐकायच्या, हा माझा हट्ट; पण इंजिन चालू झालं की निवेदकाचा आवाज खरखरीत बुडून जाई.

शहरातल्या एका मोठ्या दुकानानं रेडिओच्या वायरीला एक कंडेन्सर अडकवून भरपूर पैसे घेतले आणि वर ऐकवलं, ‘‘मीडियम वेव्हला खरखर असायचीच.’’ ते साफ खोटं होतं, आणि हे मला नारायणगावच्या एका वायरमननं दाखवून दिलं. तमाशाच्या फडाचा जनरेटर आणि कर्णे सांभाळण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आवाजातला दोष कानानं ओळखणं त्याच्या अंगवळणी पडलेलं.

त्यानं रेडिओला हातच लावला नाही. ‘‘आधी ऐकू द्या,’’ म्हणाला. वेगाबरोबर वाढणारी टिकटिक म्हणजे प्लग आणि डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर. बारीक शिट्टी म्हणजे डायनॅमो. अधूनमधून कडकड म्हणजे कटआउट. कळंबच्या पुढे मोकळ्या सरळ रस्त्यावर त्यानं गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायला लावलं. टिकटिक त्या क्षणी थांबली. चोर सापडला.

डेल्कोचं झाकण काढलं तर रोटरचं पितळी टोक काजळलेलं आणि झिजलेलं. ठिणगीला नको तेवढी लांब उडी मारावी लागत होती. त्यानं रोटर बदलला, हायटेन्शन वायरींवर सप्रेसर बसवले. कॉइलवर अर्ध्या मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला, तोही स्वीचकडच्या टोकाला. ‘‘पॉइंटकडं लावला तर गाडी रडंल.’’ डायनॅमोचे ब्रश साफ करून जाड वायरीच्या टोकाला दुसरा कंडेन्सर दिला; फील्डच्या टोकाला चुकूनही नाही. मग बॉनेटच्या बिजागरीजवळचा रंग लख्ख लोखंड दिसेपर्यंत खरवडून तांब्याची विणलेली पट्टी आवळली. शेवटी एरियलच्या बुडाचा गंज काढला. संध्याकाळी परतताना निवेदकाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

त्याच्या कामामागचं विज्ञान पक्कं होतं. ठिणगी म्हणजे छोटं प्रक्षेपण केंद्रच. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरी दाखवल्या त्या ठिणगीतूनच. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला शंभर ठिणग्या उडतात आणि प्रत्येक वायर एरियलचं काम करते. ही खरखर मीडियम वेव्हपुरती राहत नाही. जीएमआरटी जिथे कान लावून बसते त्या १५० मेगाहर्ट्झपर्यंत आणि त्याच्याही वर पोचते. ग्रोट रीबर या अमेरिकी माणसानं १९३७ मध्ये घराच्या आवारात रेडिओ दुर्बीण उभारली, तेव्हा दिवसा मोटारींच्या ठिणग्या छळायच्या म्हणून तो रात्री निरीक्षणं करी. अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ आजही डिझेलच्या गाड्याच नेतात, कारण डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो.

४ ऑक्टोबर २००१ रोजी जीएमआरटी देशाला अर्पण झाली. त्याच सुमारास फियाट बनायची थांबली. एफएम आलं, गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, आणि खरखर ओळखणाऱ्या कानांची गरज संपली असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढच्या वर्षांत सीडी प्लेअर आले नि गेले. आता हौशी लोक जुनी फियाट चकचकीत करतात, डॅशबोर्डातला मूळ रेडिओ उपटतात आणि ब्लूटूथ बसवतात. याला मी जतन मानत नाही.

खरखर मात्र संपली नाही, तिनं घर बदललं. हलक्या प्रतीचे चार्जर, एलईडी दिवे, सौर पंपांचे इन्व्हर्टर, बांधावरची झटका मशीन, विजेच्या खांबावरचा ढिला इन्सुलेटर. गवताची काडी कुंपणाच्या तारेला टेकली की तिथे ठिणगी उडत राहते, आणि मालकाला पत्ताही नसतो. दुर्बीण स्वतः काही सोडत नाही, ती फक्त ऐकते. ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत तिनं पकडला, हे २०२३ मध्ये जाहीर झालं. तारांवरच्या ठिणग्यांचा गोंगाट गाळणारी यंत्रणाही तिच्या माणसांनी बसवली. पण गाळणीला मर्यादा असते. त्या वायरमननं रेडिओला शेवटपर्यंत हात का लावला नाही, ते इथे कळतं.

म्हणून ‘दुर्बीण हवी की रेल्वे’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. विजेच्या रेल्वेत वरची तार आणि इंजिनाच्या टपावरचा पेंटोग्राफ यांच्यात ठिणगी उडते. ती किती दाबता येईल, कुठल्या टप्प्यात, किती खर्चात, हे आपल्या प्रतिनिधींनी आकड्यांनिशी विचारावं आणि उत्तर लोकांपुढे मांडावं. इकडे आपल्या आयटीआयमध्ये अर्थिंग आणि सप्रेशन हाताला वळण लागेपर्यंत शिकवावं, ग्रामपंचायतींनी झटका मशीन आणि ढिले इन्सुलेटर तपासून घ्यावेत. दर विज्ञान दिनाला आपली शाळकरी मुलं खोडदला थाळ्या बघायला जातात. त्यांना स्वतःच्या घरातली खरखर शोधायला शिकवणं काही अवघड नाही. खरखर जिथे निघते तिथेच थांबवायची, हे या मातीतल्या कारागिराला कळत होतं. रेल्वे मागणाऱ्यांनी तेवढं ज्ञान हाती घेऊन मागितली, तर ती मागणी डावलणं दिल्लीला एवढं सोपं जाणार नाही.