वाचनाची सुरुवात कानापासून

मूल तीन वर्षांचं झालं की घरात पाटी-पेन्सिल येते आणि ‘अ गिरव’ असा आग्रह सुरू होतो. त्या वयात बोटांना पेन्सिलीची नीट पकड आलेली नसते. हात दुखतो, मूल कंटाळतं आणि अक्षर म्हणजे शिक्षा, असं त्याच्या मनात बसतं. खरं म्हणजे वाचनाची सुरुवात पाटीपासून नव्हे, कानापासून होते. ‘विहीर’ हा शब्द गोष्टीत अनेकदा ऐकलेल्या मुलाला तो छापलेला दिसला, की चटकन उमगतो.

म्हणून आधी बोला. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुलाला वस्तूंची नावं सांगा. ज्याचं उत्तर नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ येणार नाही, असे प्रश्न विचारा.

मग आवाजांचे खेळ. क-म-ळ असं तोडून म्हणत तीन टाळ्या, आ-ईला दोन. ‘क’पासून सुरू होणारं घरात काय काय आहे? कप, कढई, कपाट! पुढे शेवटच्या अक्षरावरून भेंड्या. शब्दातले आवाज वेगळे ऐकू येऊ लागले, की कोणत्या आवाजाचं कोणतं अक्षर, हे शिकणं सोपं जातं.

छापील अक्षरंही आजूबाजूला असतातच. साखर-मिठाच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावा, एसटीची पाटी मोठ्यानं वाचा. पुस्तक वाचून दाखवताना ओळीखालून बोट फिरवा. डावीकडून उजवीकडे जायचं, हे मूल न सांगता शिकतं. शेंगा सोलणं, कणकेचे गोळे करणं, रांगोळीच्या रेघा ओढणं यातून बोटं लिहिण्यासाठी तयार होतात. मुलाच्या रेघोट्यांना हसू नका, ‘काय लिहिलंस?’ असं विचारा.

याला महागडी साधनं लागत नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांनी ते आदिवासी मुलांमध्ये वाढवलं. तिथे पानं, बिया, खडे हीच शिकण्याची साधनं झाली.

आणखी एक. आपल्याला वाचता येत नाही म्हणून एखादी आई किंवा आजी मागे राहते. तिनं मागे राहू नये. रोज रात्री एक गोष्ट सांगणारी आजी नातवाच्या वाचनाचा पाया घालतच असते.