समुद्राकाठच्या पाहुण्यांचं अंबाजोगाई

बीड जिल्ह्यातून अरबी समुद्र गाठायचा तर महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. तरी सुट्टी जवळ आली की इथली मंडळी गणपतीपुळ्याची, नाहीतर तारकर्लीची खोली शोधायला लागतात. खोली स्वच्छ असावी, गर्दी नसावी, कुणी उगाच मागेमागे करू नये, एवढंच त्यांना हवं असतं. पण कित्येक पिढ्यांपासून याच वाटेनं उलट्या दिशेनंही माणसं येत आली आहेत, थेट गुहागर-श्रीवर्धनच्या बाजूनं. त्यांचा कुलदेव व्याडेश्वर किंवा हरिहरेश्वर समुद्राकाठी, आणि कुलदेवी योगेश्वरी मात्र इथे, बालाघाटाच्या डोंगरात. लग्न झालं, मूल झालं की कोकणस्थ घराण्यांची पावलं अंबाजोगाईकडे वळतात.

देवीसुद्धा कोकणातूनच आली, असं इथं सांगतात. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं. वऱ्हाड एवढा घाट चढून आलं, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले. परळी इथून पंचवीसेक किलोमीटरवर, म्हणजे नवरी अगदी दाराशी येऊन थांबली. ती परत गेली नाही. मुक्कामाच्या गावालाच तिनं घर केलं. गावाबाहेरच्या शिवलेणीला लोक हत्तीखाना म्हणतात. तिथले दगडी हत्ती दाखवून म्हातारी माणसं आजही सांगतात, हेच ते वऱ्हाड. ही गोष्ट मला फार आवडली, कारण मुक्कामाला आलेल्या माणसाची कदर या गावाला कुठून आली असेल, ते तिच्यातून कळतं.

देवळाजवळच्या गल्लीत एका उपाध्यांच्या वाड्यात मी उतरलो होतो. बाहेर पाटी नाही. लाकडी दार, आत ढेलज, मग फरसबंद चौक आणि चौकाभोवती ओसरी. "आधी पाय धुवा, मग बोलू," असं म्हणत घरच्या काकूंनी तांब्या पुढे केला. खोलीत एक पलंग, कोनाड्यात दिवा, खुंटीवर धुतलेला पंचा, बस्स. दुपारी बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत अंगावर चादर घ्यावीशी वाटत होती. शहाबादी फरशीवर अनवाणी चालताना तळव्यांना जो गारवा लागत होता, तो मला मोठ्या हॉटेलांच्या गालिच्यांवर कधी मिळाला नाही. पहाटे न्हाणीत बंबाचं कढत पाणी तयार होतं. पाणी कधी हवं, हे मला कुणी विचारलंही नव्हतं; देवीच्या काकड्याला जाणारा माणूस कधी उठतो, हे त्या घराला ठाऊक आहे.

जेवणाचंही तसंच. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, आणि पानात न मागता मऊ भात. "समुद्राकडच्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही," काकू म्हणाल्या. मी काही समुद्राकडचा नव्हे, पण तो भात मी आनंदानं खाल्ला. त्यांच्या सासूबाईंच्या काळी माणसं आगगाडीनं परळीला उतरत आणि पुढे मिळेल त्या वाहनानं येत. येताना कोकम आणि नारळ आणत, जाताना इथली ज्वारी नेत.

वाड्यातल्या त्या गारव्याचं गुपित माळवदात आहे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीही मातीच्या आणि चांगल्या हातभर रुंद. दुपारचं ऊन या थरातून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते आणि बाहेरची हवा निवते. मी होतो तेव्हा माळवदावर नवी माती पसरायला एक वयस्कर कारागीर आले होते. मृग तोंडावर आला की त्यांना घरोघरची बोलावणी येतात. पूर्वी फार यायची, आता मोजकी. कुठलीही माती चालत नाही, हे त्यांनी मला बराच वेळ समजावून सांगितलं. काळी माती उन्हात भेगाळते आणि भेगेतून पाणी घरात. त्यासाठी जुन्या गढीची, पडक्या गावठाणाची खारवट पांढरीच लागते. "ही माती पाणी पीत न्हाई, अंगावरून सोडून देती," ते म्हणाले. मग पन्हाळीकडे उतार देत ते हातानंच थर सारखा करत राहिले. ओळंबा नाही, दोरी नाही. मध्येच बसून, गाल जवळजवळ मातीला टेकवून ते उतार न्याहाळत. त्यांचा मुलगा लातूरला स्लॅबच्या कामावर जातो.

गावाचा इतिहास मोठा आहे आणि बहुतेकांना पाठ आहे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, निजामी अमलातलं मोमिनाबाद हे नाव आणि घोडदळाची छावणी, इथल्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ. दासोपंतांची पासोडी मात्र पाहिल्याशिवाय परतू नये. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहून काढलं आणि चारशे वर्षांनंतरही ते कापड याच गावात जपलेलं आहे. यादवांचा एक सेनापती होता खोलेश्वर. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला, तेव्हा बहीण लक्ष्मी हिनं भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचं देऊळ उभारलं. शके ११६२चा शिलालेख ते सांगतो. राजांच्या विजयांनी भरलेल्या शिलालेखांमध्ये एका बहिणीचं दुःख असं कोरलेलं सापडावं, हे मला विलक्षण वाटतं.

हत्तीखान्यात मात्र जीव कळवळला. हत्तींच्या पायांशी प्लास्टिकच्या बाटल्या, खांबांवर बदाम कोरून लिहिलेली नावं. एवढ्या मोठ्या लेण्याचं मोल समजावून सांगणारं कुणी तिथं भेटलं नाही. गावातही वाडे झपाट्यानं पाडले जात आहेत. त्यांच्या जागी काचेच्या दर्शनी भिंतींचे लॉज उठतात. रात्रभर पाट्या लखलखतात, एसीची यंत्रं घरघरतात आणि खोलीच्या स्लॅबला मध्यरात्रीपर्यंत हात लाववत नाही. त्यात उतरणाऱ्यांचा दोष नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणाऱ्याला खोलीला लागून संडास हवा, आणि जुन्या वाड्यात तो चौक ओलांडून असतो. पण वाड्यात तेवढी सोय करून देणं म्हणजे वाडाच पाडणं नव्हे.

राज्याच्या पर्यटन विभागाची न्याहारी-निवास योजना आहे. कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी तिच्या आधारानं पाहुण्यांना खोल्या दिल्या आणि घरंही राखली. अंबाजोगाईतल्या उरलेल्या माळवदी वाड्यांची नोंद करून त्यांना ही वाट कुणीतरी दाखवायला हवी, आणि ती लवकर. काकूंची दोन्ही मुलं पुण्यात आहेत. वाडा ठेवायचा की बांधकामवाल्याला द्यायचा, हे दिवाळीला ठरणार आहे. मार्गशीर्षातल्या नवरात्रासाठी श्रीवर्धनच्या एका कुटुंबानं खोली आत्ताच सांगून ठेवली आहे, आणि काकूंनी त्यांना हो म्हटलं आहे.