पंखांखालची ऊब

आमच्या घरी आई खुडूक कोंबडीला बारा-तेरा अंड्यांवर बसवायची. एकविसाव्या दिवशी डालग्याखालून चिवचिव ऐकू यायची आणि पुढचं सगळं कोंबडी बघायची. आम्ही फक्त कण्या टाकायचो. पुढे मी स्वतः पन्नास पिल्लं विकत आणली तेव्हा कळलं, की ती कोंबडी किती कामं एकटी करत होती. ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देणारी, तिच्या पंखांच्या बदल्यातली जागा. ती जागा आपल्याला नीट चालवायची असेल, तर आधी तिचं काम समजून घ्यावं लागतं.

पिल्लं एका दिवसाची असताना भोकं पाडलेल्या खोक्यातून येतात. जात वनराजा असो, गिरिराज असो वा कडकनाथ, प्रवास सारखाच. प्रवासभर ती अन्नपाण्याविना तग धरतात, कारण अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिवळा बलक त्यांच्या पोटात ओढला जातो. ही शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. तरी तिच्या भरवशावर राहू नये. प्रवासाने पिल्लू आतून सुकलेलं असतं आणि त्याला पहिली गरज पाण्याची असते.

पिल्लांआधी ऊब

पिल्लाच्या अंगावर असते ती नुसती मऊ लव. खरी पिसं यायला चार-पाच आठवडे लागतात, तोवर त्याला स्वतःची उष्णता धरून ठेवता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान हवं. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. उन्हाळ्यात दोन आठवड्यांत भागतं. दिवाळीनंतरच्या थंडीत मात्र चार आठवडे ऊब द्यावी लागते.

जमिनीवर दोन-तीन इंच भाताचं कोरडं तूस पसरावं. भोवती पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंचीचं गोल कडं लावावं. पन्नास पिल्लांना सुरुवातीला चार फूट व्यास पुरतो, मग दर दोन-तीन दिवसांनी कडं सैल करत जावं. दर पिल्लामागे २ वॅट हा बल्बचा जुना हिशेब, म्हणजे पन्नासांना १०० वॅट. पण एकच बल्ब नको. साठ-साठचे दोन लावले, तर एक गेला तरी अंधार होत नाही. बल्ब जुन्या तारेचेच हवेत, एलईडी उजेड देतो पण ऊब देत नाही. थंडीत हे सगळं आदल्या दिवशीच सुरू करावं, कारण हवा लवकर तापते, जमीन उशिरा.

कडं गोल का, हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या खेपेला पिल्लं चौकोनी खोक्यात ठेवली होती. रात्री वीज गेली. गारठलेली पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि सकाळी तळाची सात गुदमरून मेलेली सापडली. गोल कड्यात कोपराच नसतो. फटाक्यांच्या आवाजानेही पिल्लं अशीच एकावर एक पडतात, म्हणून दिवाळीच्या रात्री एखादी फेरी जास्त मारावी. वीज जाते तिथे शेगडी तयार ठेवावी, पण बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, म्हणून वरची हवा खेळती हवी. गोणपाटाचे पडदे खालून लावावेत, वर मोकळं ठेवावं.

पहिला घोट, पहिला दाणा

कोंबडी चोच आपटत टुकटुक करते आणि पिल्लांना दाणा दाखवते. इथे ते काम आपलं बोट करतं. खोक्यातून काढताना काही पिल्लांच्या चोची कोमट गूळपाण्यात बुडवाव्यात, बाकीची बघून शिकतात. भांडं उथळ असावं, खोल असेल तर त्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्लं बुडतात. दोन-तीन तासांनी तुसावर कागद अंथरून मक्याचा बारीक भरडा पसरावा आणि बोटाने टकटक करावं. दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं खाद्य सुरू करावं. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, म्हणून तो दोन-तीन दिवसांत काढून टाकावा. रात्री दोन-चार पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी हलकेच चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली, की पिल्लू खायला-प्यायला शिकलं.

पिल्लंच तापमापक

तापमापक जरूर टांगावा, पण शेवटचा शब्द पिल्लांचा. बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील, तर ऊब कमी आहे, बल्ब खाली घ्या. कड्याच्या कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील, तर तो वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील, तर दुसरीकडून वारा शिरतोय. सगळीकडे पांगून खाताहेत, मधूनच पाय ताणून झोपताहेत, तर सारं ठीक. कोंबडीखालच्या पिल्लाला उकडलं तर पंखाबाहेर येता येतं. ब्रूडरमध्येही एक गार जागा हवी ती यासाठीच.

पिल्लाच्या मागे विष्ठा चिकटून सुकली असेल, तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढावी, ओढू नये. ओलं तूस रोज उचलावं. रक्ती हगवणीचे जंतू ओलीत वाढतात आणि अमोनियाचा वास आपल्या नाकाला झोंबण्याआधी पिल्लांच्या डोळ्यांना झोंबत असतो. मरेक्सची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिलेली असावी, विचारून घ्यावं. मानमोडीसाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही लस डोळ्यात थेंबाने देतात आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरोची. वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकाकडून पक्कं करावं. लहान मुलं पिल्लांना गालाशी धरतात, त्यांचे हात साबणाने धुवावेत. निरोगी पिल्लाच्या विष्ठेतूनही माणसाला पोटाचे जंतू लागू शकतात.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात पंखांवर, पाठीवर पिसं भरतात. मग बल्ब आधी दिवसा बंद करायचा आणि नंतर रात्री. त्या पहिल्या रात्री मी हमखास उठून बघतो. चिवचिवाट नसतो. पिल्लं कड्यात पसरून, माना पिसांत खुपसून झोपलेली असतात. कोंबडीही साधारण याच सुमारास पिल्लांना पंखाखाली घेणं थांबवते. मी वायर गुंडाळून खुंटीला टांगतो आणि आत येऊन झोपतो.