सुटकेने न्याय पुरा होत नाही

शंभर अपराधी सुटले तरी चालतील, परंतु एकाही निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे सूत्र आपल्याकडे मोठ्या आदराने उच्चारले जाते. पण निरपराध्याला शिक्षा झालीच, तर पुढे काय? या प्रश्नाला आपल्या कायद्यात आजही समाधानकारक उत्तर नाही.

नाशिकचा एक खटला या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. २००३ साली घडलेल्या दरोडा, बलात्कार व हत्याकांडाबद्दल भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी फर्मावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही पुन्हा फाशीच सुनावली. पुढे याच न्यायालयाने आपला निर्णय मागे घेऊन फेरसुनावणी केली आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष ठरविले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. तो धागा तपासात सोडून देण्यात आला होता.

आपली चूक आपणच दुरुस्त करणाऱ्या न्यायालयाचा मोठेपणा आम्ही मान्य करतो. राज्य शासनाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असाही आदेश झाला. पण सोळा वर्षांचे मोल पाच लाख, हे कोणत्या मापाने ठरले? निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात खितपत पडलेल्या बिहारमधील एका बंद्याला १९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने एकूण पस्तीस हजार रुपये देवविले. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ साली पन्नास लाख मिळाले. हे सारे न्यायालयाच्या अनुकंपेवर अवलंबून राहिले. हक्क म्हणून कोणालाही काही मागता आले नाही.

अन्य देश येथे थांबलेले नाहीत. बर्मिंगहॅम बाँबस्फोट खटल्यातील सहा निरपराधी सोळा वर्षांनी, १९९१ साली सुटले, तेव्हा ब्रिटन हादरले. त्यानंतर संशयास्पद शिक्षांची छाननी करणारा स्वतंत्र आयोग तेथे १९९७ साली कामास लागला. ज्या पोर्तुगालचा जुना कौटुंबिक कायदा गोमंतकात आजही चालतो, त्याच्या १९७६ च्या राज्यघटनेने अन्यायाने शिक्षा झालेल्या नागरिकाला फेरविचाराचा व भरपाईचा हक्कच दिला आहे.

आपल्या विधि आयोगाने २०१८ साली आपल्या २७७ व्या अहवालात असाच कायदा सुचविला. तो झाला नाही. २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही विनाकारण अटक घडवून आणणाऱ्याकडून फार तर एक हजार रुपये मिळण्याची जुनी तरतूद तेवढी कायम राहिली.

अशा कायद्याने पोलीस कचरतील, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस पटत नाही. भरपाई शासनाने द्यावयाची आहे. प्रामाणिक तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला तिचे भय बाळगण्याचे कारण नाही. अंगणातून उचलून नेलेला माणूस सोळा वर्षांनी परततो, तेव्हा त्याचे घर मोडलेले असते, रोजगार गेलेला असतो आणि कलंक मात्र शिल्लक असतो. ज्या शासनाने त्याला नेले, त्यानेच त्याला पुन्हा उभे केले पाहिजे. आणि ते कृपा म्हणून नव्हे, तर कायद्याने बांधलेले कर्तव्य म्हणून. संसदेने विधि आयोगाच्या अहवालावरची धूळ आता झटकावी.