झाडाचं तोंड

आमच्या बागेत एक मामा होते. पालिकेच्या उद्यान विभागातले कायम माळी. होळी झाली, ऊन चढायला लागलं, की ते कुदळ घेऊन आळी करायला बसत. लहानपणी मला वाटायचं, आळं खोडाला लागूनच करतात. मामा मात्र खोडापासून चांगले सात-आठ हात लांब जात, फांद्यांच्या सावलीची कड जमिनीवर जिथं पडते तिथं थांबत आणि त्या कडेनं गोल चर खणत. मी विचारलं, तर म्हणाले, "खोडाला पाणी घालून काय उपयोग, बाळा? झाडाचं तोंड इकडं असतं." पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या कडेखाली पसरलेली असतात, हे पुढं पुस्तकात वाचलं. मामांना ते हाताला ठाऊक होतं. कोणत्या बकुळीला किती पाणी लागतं, कोणत्या कोपऱ्यात पाऊस तुंबतो, कोणत्या झोपाळ्याची कडी झिजली आहे, सगळं त्यांच्याकडं नोंदलेलं होतं. कागदावर काहीच नव्हतं.

मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कायम माणूस आला नाही. बाग ठेकेदाराकडं गेली. मग सुशोभीकरण झालं. कारंजं आलं, रंगीत दिवे आले, ओपन जिम आली आणि सगळीकडं पेव्हर ब्लॉक बसले, अगदी बकुळीच्या खोडाला चिकटून. झाडाचं तोंड फरशीखाली गेलं. तिसऱ्या उन्हाळ्यात बकूळ शेंड्याकडून वाळत आली.

शहरातल्या बागांबद्दल लिहायचं तर मला या बकुळीपासूनच सुरुवात करावी लागते. आपल्याकडं बागा बांधल्या जातात आणि त्यांची उद्घाटनं होतात. बाग रोज सांभाळायची असते, हे मात्र आपण अंदाजपत्रकातही विसरलो आणि मनातूनही.

जागेची टंचाई खरीच आहे. मुंबईचा 2034 पर्यंतचा विकास आराखडा तयार होत असताना एक आकडा पुढं आला. लोकांना प्रत्यक्ष वापरता येणारी मोकळी जागा माणशी जेमतेम 1.24 चौरस मीटर. एवढ्या जागेत मोठ्या माणसाला दोन्ही हात पसरून उभंही राहता येत नाही. केंद्राची नगररचना मार्गदर्शिका माणशी 10 ते 12 चौरस मीटर सांगते, आणि मुंबईनं स्वतःपुढं ठेवलेलं लक्ष्य 4 चं आहे. नकाशावर हिरवा रंग भरला म्हणजे बाग होत नाही. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम 127 आहे. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत पालिकेनं आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 2 वर्षांत पालिका हलली नाही, तर आरक्षणच संपतं. बागेची जागा अशी नुसत्या दिरंगाईनं हातची जाते. कुणी दांडगाई करायचीही गरज पडत नाही.

तरी लोक उभे राहतात तेव्हा न्यायालयं त्यांना साथ देतात, हेही सांगायला हवं. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला दिला गेला. रहिवासी लढले, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द ठरवला. लखनौच्या अमीनाबादेत झंडेवाला पार्कच्या पोटात भुयारी बाजार उभा राहिला होता. तो पाडून बाग पूर्ववत करा, असं त्याच न्यायालयानं 1999 मध्ये सांगितलं. राणीच्या बागेचीही गोष्ट अशीच. भायखळ्याची ही बाग 1860 च्या दशकातली. प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या विस्ताराची योजना आली, तेव्हा काही मुंबईकर बायकांनी तिथल्या झाडांची नोंद घेतली आणि आधी ही वनस्पतींची बाग आहे, हे शहराला पटवून दिलं. मला या लढ्यांबद्दल फार आदर आहे. पण जागा वाचली, पुढं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो.

पालिकेला झेपत नाही म्हणून मैदानं देखभालीसाठी संस्थांना द्यायची, हा मुंबईनं शोधलेला मार्ग. त्यातल्या काही जागांवर पुढं क्लब उभे राहिले आणि आसपासच्या मुलांना आत जायची सोय उरली नाही. जानेवारी 2016 मध्ये पालिका सभागृहानं नवं दत्तक धोरण मंजूर केलं. त्यावर इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि दिलेल्या जागा परत घ्यायला सांगितलं. लोकांचा राग रास्तच होता. तरीही संस्था नकोतच, या टोकाला मी जाणार नाही. चर्चगेटजवळचं ओव्हल मैदान नव्वदच्या दशकात उकिरड्यासारखं झालं होतं. आजूबाजूचे रहिवासी न्यायालयात गेले, देखभाल अंगावर घेतली, आणि आज तिथं एकाच वेळी इतके सामने चालू असतात की क्षेत्ररक्षक कोणत्या सामन्यातला हे चेंडूलाच ठाऊक. मैदान सगळ्यांना खुलं राहिलं. माझी कसोटी साधी आहे. सांभाळणाऱ्याच्या हातात फाटकाची किल्ली असली, तरी कुणाला आत घ्यायचं हे ठरवायचा हक्क त्याच्या हाती नसावा.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क सत्तरच्या दशकात पार रया गेलेलं होतं. 1980 मध्ये त्यासाठी एक संस्था उभी राहिली. तिनं देणग्या जमवल्या, पूल आणि तळी दुरुस्त केली, हे बहुतेकांना माहीत असतं. मला मोलाचं वाटतं ते 1996 मधलं पाऊल. 843 एकरांच्या त्या बागेचे 49 भाग पाडले आणि प्रत्येक भाग एकेका माळ्याला नेमून दिला. त्या तुकड्यात कचरा पडला, हिरवळ जळली, बाक मोडला, तर जबाबदार कोण हे सगळ्यांना ठाऊक. येणारेजाणारेही त्या माळ्याला ओळखू लागले. हे वाचलं तेव्हा मला आमचे मामाच आठवले. तिथल्या श्रीमंतांचा पैसा आपल्याकडं नाही, कबूल. पण ही माणूस नेमायची रीत काही महाग नाही. आपल्याकडं ठेक्यावरचा कामगार आज या बागेत, तर पुढच्या महिन्यात दुसरीकडं. त्याला मिळतं ते रोजंदारीपुरतं, आणि हातमोजेही मिळतील याची खात्री नसते. झाड ओळखायला त्याला वर्ष लागणार, आणि तेवढा वेळ त्याला कुणी देत नाही.

बागेइतकंच बागेत काय चालतं, हेही महत्त्वाचं. पुण्याच्या पेशवे पार्कात 1956 मध्ये फुलराणी ही मुलांची आगगाडी धावू लागली. प्राणी पुढं कात्रजला गेले, पण त्या छोट्या गाडीनं पुणेकरांच्या तीन पिढ्या बागेशी बांधून ठेवल्या. दादरचं शिवाजी पार्क 1925 मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालं, आणि 1927 मध्ये शिवाजी महाराजांच्या त्रिशताब्दीला नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. सुमारे 28 एकरांचं हे मैदान क्रिकेटसाठी प्रसिद्ध. माझी पावलं मात्र तिथल्या समर्थ व्यायाम मंदिराकडं वळतात. संध्याकाळी मातीत पुरलेला खांब, त्यावर एरंडेलाचा हात, आणि वर चढताना श्वास रोखलेली आठ-नऊ वर्षांची पोर. खाली उभ्या शिक्षकाचे हात नकळत पसरलेले. 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली, आणि इथं आयुष्यभर शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. एवढ्या मोठ्या कामाला लागलं काय? खांब, दोर, माती आणि रोज ठरल्या वेळी येणारा शिकवणारा माणूस.

हे पालिकांनी मनावर घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं. कोलंबियातल्या बोगोता शहरात 1974 पासून रविवारी सकाळी मोठे रस्ते गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुले करतात. 1995 पासून तिथल्या बागांमध्ये शहराच्या खर्चानं व्यायामाचे फुकट वर्ग चालतात. शिक्षक पगारी, वेळ ठरलेली. तिथं येणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं असतात. आपल्याकडं ओपन जिमची लोखंडी यंत्रं बसवून काम झालं असं मानतात. त्या यंत्रांवर आधी लहान मुलं लोंबकळतात, मग बेअरिंग जातं, मग तारेनं बांधून ठेवतात. तेवढ्या पैशांत एक शिक्षिका किती वर्षं बागेत आली असती, याचा हिशेब एकदा मांडून बघावा.

बायकांचं निघालंच आहे तर शौचालयाचंही बोलायला हवं. बागेत स्वच्छ, कुलूप न लावलेलं शौचालय नसलं, तर साठीच्या पुढची बाई अर्ध्या तासाच्या वर थांबत नाही.

परत झाडांकडं येऊ. माती सुधारता येत नाही असंही नाही. धारावीला लागून मिठी नदीकाठी मुंबईचा कचरा टाकायची जागा होती. तिथं 1983 मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या हातून पहिलं रोप लागलं. आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून 37 एकरांचं रान उभं आहे आणि शाळांची मुलं तिथं फुलपाखरं बघायला येतात. त्यामानानं चांगल्या बागेत झाडाभोवती मीटरभर माती उघडी ठेवणं किती सोपं! दिल्लीत हरित लवादानं 2013 मध्ये नेमकं एवढंच बजावलं होतं. पालापाचोळा जाळायच्या किंवा ट्रकमध्ये भरून धाडायच्या ऐवजी बागेतच खड्ड्यात कुजवला, तर विकत खत आणावं लागत नाही.

आणि फाटक. आपल्या कितीतरी बागा दुपारी बंद असतात. सकाळ चालणाऱ्यांची, संध्याकाळ मुलांची, आणि मधले तास कुलपाचे. दुपारी सावली कुणाला हवी असते, ते बाहेर उभं राहिलं की कळतं. गेल्या एप्रिलमध्ये मी आमच्या बागेच्या कुंपणापाशी थांबले होते. आत बाक रिकामे होते. बाहेर फूटपाथवर घरकाम करणाऱ्या दोघीजणी पुढच्या घराची वेळ व्हायची वाट बघत टेकल्या होत्या. शेजारी पार्सल पोचवणारा एक पोरगा गाडीवरच बसून डबा खात होता. मामांनी वाढवलेल्या कडुनिंबाची एक फांदी कुंपणाबाहेर आली होती, आणि तिघंही तिच्याच सावलीत होते. ऊन सरकलं, तसा त्यानं डबा मांडीवर धरला, पायानं ढकलत गाडी दोन हात पुढं घेतली आणि परत जेवायला लागला.