आधी लघवीची बाटली, मग गोळी

परभणी जिल्ह्यातल्या येलदरी धरणाच्या पंचक्रोशीत वैशाख तापला की लघवीच्या जळजळीचं निदान घरातच होतं: उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक, एवढ्यावर बहुतेकांचं भागतंही. रानात राबणाऱ्याच्या पोटात पाणीच कमी गेलेलं असतं. प्रश्न उरतो तो मृग बरसला तरी जळजळ न हटणाऱ्या पुरुषाचा. ओटीपोटात आणि जांघेत ठणका, ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलवर बसलं की वाढणारी कळ, रात्री तीनदा उठणं. हे दुखणं बायकोलाही सांगायचं नसतं, मग डॉक्टरची गोष्ट दूरच. एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती याच संकोचावर जगतात. त्यातून सुटला तो औषधाच्या दुकानात पोचतो आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार-पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन परततो. येलदरीपासून मुंबईच्या उपनगरांपर्यंत हे असंच चालतं. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीच्या, सुजेवर हा पाच दिवसांचा आकडा मात्र कोणालाच लागू पडत नाही. जंतू असतील तर तो फार कमी आहे, नसतील तर फार जास्त.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९०च्या दशकात या आजाराचे चार प्रकार ठरवले आणि जगभरचे डॉक्टर आजही त्याच वाटणीनं चालतात. पहिला तीव्र जंतुसंसर्गाचा, दुसरा जुनाट जंतुसंसर्गाचा. तिसऱ्यात दुखणं खरं असतं, पण जंतू सापडत नाहीत. चौथ्यात त्रासच नसतो, सूज दुसऱ्याच तपासणीत उघड होते. त्यावर सहसा काहीच करावं लागत नाही. रुग्णांची वाटणी भलतीच एकांगी आहे. दहांतले नऊ तिसऱ्या प्रकारचे, आणि अँटिबायोटिक ज्यांना मुळात हवं ते पहिले दोन मिळून उरलेल्या एकात.

त्या एकाचा उपचार मात्र हलक्यात घेण्यासारखा नाही. थंडी वाजून ताप, लघवीला आग, लघवी तुंबलेली असा पुरुष आला तर तो त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवा. तिथे शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखं औषध सुरू होतं, उतार पडल्यावर गोळ्या, सगळं मिळून दोन ते चार आठवडे. मधुमेही असेल तर ग्रंथीत गळू होण्याचा धोका वाढतो. जुनाट प्रकारात अडचण निराळी असते. प्रोस्टेटच्या पेशींचा पडदा बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही. मूत्राशयाच्या संसर्गावर चालणारं नायट्रोफ्युरंटॉइन इथे निरुपयोगी ठरतं, कारण ते लघवीत उतरतं पण ग्रंथीत पोचत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन पोचतात, ट्रायमेथोप्रिम पोचतं, काही निवडक रुग्णांत फॉस्फोमायसिन कामी येतं. क्लॅमिडियाचा संसर्ग असेल तर डॉक्सिसायक्लिन. मुदत चार ते सहा आठवडे. पाच दिवसांत जळजळ थांबते, रुग्ण खूश होतो आणि ग्रंथीत दडलेले जंतू दोन महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. सिप्रोची गोळी दुधाबरोबर, लोहाच्या किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली तर ती रक्तात नीट उतरतच नाही, हे तर दुकानात कोणी सांगतच नाही.

आता ते नऊजण. २००४ साली १९६ पुरुषांवर सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लघवीची वाट सैल करणारं टॅमसुलोसिन तपासली गेली. औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा दोन्ही सरस ठरली नाहीत. यावर रास्त आक्षेप आला की हे रुग्ण वर्षानुवर्षं औषधं खाऊन थकलेले होते, नव्यांवर गुण आला असता. म्हणून २००८ साली नव्यानं निदान झालेल्या २७२ पुरुषांना बारा आठवडे टॅमसुलोसिनच्याच जातीचं अल्फुझोसिन दिलं गेलं. निकाल तोच. अँटिबायोटिकच्या बाजूनंही पुरावा आहे आणि तो झाकू नये. अनेक चाचण्या एकत्र तोलणाऱ्या २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात या औषधांनी त्रासाचे सुमारे अडीच गुण उतरलेले दिसतात. पण ही मोजपट्टी ४३ गुणांची आहे आणि सहा गुण उतरले तरच रुग्णाला फरक जाणवतो, असं मानतात. हे दुखणं आपोआप चढतं-उतरतं. माणूस गोळी घेतो ती कळ शिगेला पोचल्यावर, आणि पुढचा उतार गोळीच्या खात्यात जमा होतो. ‘मला गुण आला’ म्हणणारा खोटं बोलत नाही, पण त्याच्या अनुभवावरून शेजाऱ्याला गोळी देता येत नाही.

म्हणून गोळीआधी लघवीची तपासणी हवी. त्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप अंतराचा. लघवीच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी, जिंतूरला किंवा परभणीला जायचं, एक रोज बुडवायचा, अहवालाला दोन दिवस, पुन्हा खेप. त्यापेक्षा गोळी देऊन मोकळं व्हावं, असं म्हणणारा डॉक्टर निर्दय नसतो. हा रुग्ण परत येणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. तरीही हिशेब चुकतो. तापानं फणफणलेल्याला थांबवायचं नाहीच. आधी नमुना घ्यायचा आणि लगेच औषध सुरू करायचं. ज्याचं दुखणं तीन महिन्यांचं आहे त्याचं दोन दिवस थांबल्यानं काही बिघडत नाही. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा किंवा थंड ठेवायला हवा, ही खरी अडचण आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला फ्रीज लशींचा, त्यात लघवीची बाटली ठेवायची नसते. पण बोरिक अ‍ॅसिड घातलेल्या बाटलीत नमुना बाहेरच्या तापमानातही दिवसभर टिकतो. अशा बाटल्या केंद्रावर असल्या तर माणसाऐवजी बाटलीच परभणीला जाईल. एकदा अँटिबायोटिक पोटात गेलं की मात्र कल्चर खोटं बोलू लागतं.

आंधळेपणानं दिलेल्या गोळीची किंमतही लहान नाही. आपल्याकडे लघवीत सापडणाऱ्या ई. कोलायपैकी निम्म्याहून जास्त जंतू आता सिप्रोला दाद देत नाहीत. सिप्रोच्या वर्गातल्या औषधांनी टाचेमागची कंडरा तुटल्याची उदाहरणं आहेत, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर अचानक उतरू शकते. २०१९ साली युरोपनं त्यांच्या वापरावर कडक मर्यादा आणल्या. आपल्या देशात आणखी एक पदर आहे. याच वर्गातलं लेव्होफ्लॉक्सासिन क्षयावरही चालतं. प्रोस्टेटचा किंवा मूत्रमार्गाचा क्षय असेल तर ते त्याला अर्धवट दाबतं आणि निदान महिनोन् महिने लांबतं. लघवीत पू आहे पण कल्चर कोरं, असं दिसलं की क्षयाची शंका घ्यायलाच हवी. लेव्होफ्लॉक्सासिन २०१४पासून एच-१ यादीत आहे, म्हणजे ते चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि दुकानदारानं त्याची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवायची असते. सिप्रो त्या यादीत नाही. चिठ्ठी त्यालाही लागते, पण वेगळ्या नोंदवहीची धास्ती नसल्यानं तेच सहज हातात पडतं.

मग कल्चर कोरं आलेल्याला द्यायचं काय? गोखरू, चंद्रप्रभा वटी सुचवणारे पुष्कळ आहेत, पण या आजारावर मोठ्या, काटेकोर चाचण्यांचा आधार त्यांना नाही. परागकणांच्या अर्काला आहे. २००९ सालच्या १३९ पुरुषांच्या जर्मन चाचणीत त्यानं बारा आठवड्यांत दुखणं खोट्या गोळीपेक्षा जास्त उतरवलं. कळ जोरात असताना थोडे दिवस आयब्युप्रोफेन चालतं, मात्र उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला ते जाचू शकतं. ओटीपोटाचे स्नायू आवळलेले असतील तर ते सैल करणारी फिजिओथेरपी अनेकदा गोळीपेक्षा कामाची ठरते. लघवीची धारच अडत असेल, विशेषतः पन्नाशीपुढे, तर टॅमसुलोसिन देऊन पाहायला हरकत नाही. चक्कर येईल, वीर्य बाहेर न पडता मागे जाईल, हे आधी सांगून. सुरू करताना त्रासाचे गुण लिहून ठेवायचे, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचे. सहानं उतरले नसतील तर गोळी बंद, आणि तिच्या जागी अँटिबायोटिकही नाही.