सोपाऱ्याहून गोवर्धनला: द्राक्षमळ्यातील एक दिवस

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे त्याने वाटसरूंसाठी विश्रामगृहे बांधल्याची नोंद त्यात आढळते. शोर्पारग म्हणजे आजचे नालासोपारा, तर गोवर्धन हे नाशिकच्या पश्चिमेस गंगापूर धरणाच्या वाटेवरील गाव. याच गोवर्धनच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. राज्य सरकारचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ मध्ये जाहीर झाले आणि त्यानंतर जिल्ह्यात वाइनरींची संख्या वाढत गेली.

नालासोपाऱ्याहून एका रविवारात ही सहल होऊ शकते; मात्र सारे काही पाहण्याचा हव्यास नडतो. गोवर्धन-गंगापूर, दिंडोरी आणि इगतपुरी अशा तीन दिशांना मळे विखुरलेले आहेत. यांपैकी एकच दिशा निवडावी. गंगापूरच्या बाजूला 'सुला' आणि 'यॉर्क' जवळजवळ असल्याने प्रथमच जाणाऱ्यांना तीच सोयीची.

खरा प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात इगतपुरीचा घाट देखणा असतो, पण वेलींवर द्राक्षे नसतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा मळा अगदी बोडका दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर घड धरतात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये चालते. फळ थंड राहावे म्हणून ती भल्या सकाळी उरकतात. ही द्राक्षे बाजारातल्या थॉमसनसारखी नव्हेत. ती लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. पांढऱ्या वाइनसाठी रस सालींपासून लगेच वेगळा करतात, तर लाल वाइनला सालींसह आंबवल्यामुळेच रंग येतो. हे सारे चालू असताना पाहण्यात जी मौज आहे, ती केवळ पेला हाती घेण्यात नाही.

मोटारीने जायचे तर शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरी, अंबाडीमार्गे नाशिक महामार्ग गाठता येतो. आमणे ते इगतपुरी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने कसारा घाट टाळता येतो. दुचाकींना मात्र तेथे मज्जाव आहे. परंतु चालवणाऱ्याने वाइन चाखायची नाही, हे घरातून निघतानाच ठरलेले बरे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 'चाखणे तर थोडेसेच' हा युक्तिवाद परतीच्या दीडशेहून अधिक किलोमीटरच्या अंधाऱ्या रस्त्यावर टिकत नाही.

त्यापेक्षा रेल्वे बरी. पहाटेच्या लोकलने दादर गाठल्यास तेथून तपोवन एक्स्प्रेस किंवा शिर्डीची वंदे भारत मिळते; दोन्हींच्या परतीच्या गाड्या संध्याकाळी नाशिकरोडला येतात. नाशिकरोडहून गोवर्धन सुमारे वीस किलोमीटर असल्याने दिवसभरासाठी टॅक्सी ठरवावी. नेहमीची पंचवटी एक्स्प्रेस येथे निरुपयोगी, कारण ती सकाळी मुंबईकडे येते.

वाइनरीतील फेरीची आणि जेवणाची जागा आगाऊ राखून ठेवावी. तोडणीच्या हंगामात जोडून आलेली सुट्टी पाहून अनेक जण २६ जानेवारीचा बेत आखतात. तो दिवस मद्यविक्रीबंदीचा असतो.